काचेच्या बरण्या

३ फेब्रुवारी

चिमे,

डोक्यावर हात ठेवला आहे असं समज आणि पुढचं वाच.

बरेच दिवस मी तुझ्याकडे फिरकलो नाही, फोन केला नाही. तू फुरंगटून बसली असशील. कारण ऐक. आमच्या बांधकाम खात्यात पुढच्या वर्षाची मोठी कामं निवडायची वेळ आली आहे. आजवर ती मोठे साहेब आणि चार पुढारी चहा पिता पिता निवडत. यंदा वरून हुकूम आला की लोकांना विचारा, आणि ते विचारण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. तुमच्या भागात एकच मोठं काम होईल, तेवढेच पैसे आहेत. एकतर तुमच्या टेकडीखाली दगडी भिंत, नाहीतर नदीवर चालायचा पूल. माझी सख्खी बहीण टेकडीखाली राहते हे सगळ्या गावाला माहीत. म्हणून निवड होईपर्यंत तुझ्या दारात पाऊल टाकायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, असं मी देवासमोर ठरवलं. पत्राला मात्र हरकत नाही. पत्र कोणीही उघडून वाचावं, आपल्याकडे लपवायला आहे काय?

पहिल्या बैठकीतच रक्त सांडलं. नदीपलीकडचा एक किराणावाला आणि तुमच्याकडचा एक गवंडी समोरासमोर आले. 'तुमची टेकडी पडली तर आम्हाला गाळ तरी मिळेल,' असं किराणावाला म्हणाला. गवंड्याने त्याला खाली पाडलं आणि त्याच्या कानाचा तुकडा दातांनी तोडला. आमचा शिपाई, त्याला सगळे बंब म्हणतात, तो तुकडा पाण्याच्या पेल्यात घालून दवाखान्याकडे धावला. वाटेत कोणीतरी त्याच्याकडे प्यायला पाणी मागितलं म्हणे.

त्या दिवशी देवापुढे बसलो तेव्हा मनात आलं, हे सगळं संशयामुळे होतं. मतं आत कुठेतरी मोजतात, लोकांना दिसत नाही, म्हणून दात बाहेर येतात. म्हणून मी काचेच्या मोठ्या बरण्या आणायच्या ठरवल्या. एक भिंतीची, एक पुलाची. प्रत्येक प्रौढ माणसाला ओळखपत्र पाहून एक गोटी द्यायची. त्याने सगळ्यांसमोर येऊन हव्या त्या बरणीत टाकायची. गोट्या कशा चढत जातात ते आंधळ्यालाही दिसेल. ना लपवाछपवी, ना कुजबुज.

जावईबुवांना नमस्कार. पोरीला पापा.

तुझा दादा

---

११ फेब्रुवारी

दादा,

पाया पडते. रुसले नव्हते. तुझी सवय आहे, स्वतःला शिक्षा करायची आणि तिला नियम म्हणायचं.

पत्र ह्यांच्या हाती पडलं. फोडलं आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, 'बघा रे, आमचा मेहुणा देवमाणूस. काच लावतोय!' सगळे हसले. तुझं कौतुक झालं म्हणून मीही हसले. मग घरी येऊन भांडी घासताना त्या हसण्याचा अर्थ लागला.

दादा, बरण्या काचेच्या नको आणूस. पत्र्याचे डबे आण, झाकणाला भोक पाडलेले.

इथे सुनावणीच्या दिवशी पहिल्या रांगेत कोण बसणार हे आत्ताच ठरलंय. पलीकडेही तेच चाललं असणार. आमच्या गल्लीत एक जण बोलून गेला, आपल्याकडची एक गोटी जरी पुलाच्या बरणीत पडली तरी ती टाकणारा हात ओळखू येईल. हे माणसं वाईट आहेत म्हणून नाही. तुला आठवतं ना, गेल्या पावसाळ्यात टेकडीचा कडा सुटला तेव्हा सासूबाई आत होत्या. ह्यांनी हातांनी माती उपसली. फावडं घ्यायला तयार होईनात, आईला लागेल म्हणून. त्या सापडल्या तेव्हा तोंडात माती भरलेली होती, आणि हे ती बोटाने काढत बसले, जणू काढली की श्वास येईल. तेव्हापासून ढग गडगडला तरी हे उठून टेकडीकडे बघतात, आणि मी ह्यांच्याकडे.

भिंत मलाही हवी आहे. माझी पोर त्याच कड्याखाली झोपते. पण काच नको.

चिमी

---

१६ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू घाबरलीस हे समजतं, पण तू उलटं बघते आहेस. अंधारात माणूस दगड मारतो, उजेडात त्याला लाज वाटते.

गावची शाळा आठव, सगळ्या मुलांचा एकच वर्ग. वर्गाचा नायक निवडायचा असो की सहलीला कुठे जायचं असो, गुरुजी म्हणायचे, हात वर करा. सगळ्यांसमोर. मी पुढे उभा राहून हात मोजायचो. एकदाही भांडण झालं नाही. ती पद्धत मी इथे आणतो आहे, दुसरं काही नाही. देव पाहतोच आहे, तिथे शेजाऱ्याने पाहिलं तर काय बिघडलं?

कालच माझ्या टेबलामागच्या खिडकीवर वीट आली. काचा बंबाच्या मानेत घुसल्या. पाठीवरून रक्त ओघळत असताना तो म्हणाला, 'साहेब, काचेचा तुम्हाला भारी नाद, आता माझ्यातच भरा.' वीट पलीकडच्यांनी टाकली असं लोक म्हणतात. तुझ्या दादाने बहिणीसाठी भिंत ठरवून ठेवली आहे असं तिकडे पसरलं आहे. आता तूच सांग, अशा वेळी मी झाकणाचे डबे आणले तर लोक काय म्हणतील? झाकण भावाचं, गोटी बहिणीची!

तुमच्या भागाची सुनावणी महिन्याच्या शेवटी शाळेच्या हॉलमध्ये आहे. पोलीस असतील. निर्धास्त ये.

दादा

---

२ मार्च

दादा,

हे पत्र माझ्या कामाच्या पाळणाघरातून लिहिते आहे. मुलं झोपली आहेत. ह्यापुढे पत्र इथल्याच पत्त्यावर पाठव, घरी नको.

हॉलमध्ये तू उंच टेबलामागे उभा होतास, एखाद्या लग्नात आहेर घ्यायला उभं राहावं तसा. माझ्याकडे बघून ओळखसुद्धा दिली नाहीस, नियमाप्रमाणे. पहिल्या रांगेत आमच्याकडचे बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, शहाण्या मुलांसारखे. पोलीस दाराशी गप्पा मारत होते. मारामारी झाली नाही. तुला वाटलं असेल, जिंकलो.

आमच्या मागच्या खोलीत राहणारी शिवणवाली तू पाहिलीस ना? निळी साडी, चष्म्याला दोरा. तिची लेक नदीपलीकडे दवाखान्यात सफाईला जाते. जायला वाट नाही म्हणून पाण्याच्या मोठ्या नळावरून चालत जाते, खाली नदी. मागे एकदा घसरली, नळाला लोंबकळत राहिली. तर ह्या बाईने सगळ्यांसमोर जाऊन पुलाच्या बरणीत गोटी टाकली. काचेवर टण्णकन आवाज झाला. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. कोणी हललं नाही. फक्त एकाने मान वळवून दुसऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीत ऊन पडलेलं असताना, चार जण तिच्या खोलीत शिरले. तोंडाला फडकी बांधलेली. मशीन उलटं केलं. एकाने तिला जमिनीवर पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवला. दुसऱ्याने तिचे हात मशीनच्या लोखंडी बैठकीवर धरले, आणि तिसऱ्याने हातोडा मारला. आधी उजवा, मग डावा. ती ओरडत होती, 'एक तरी ठेवा रे, एक तरी!' सगळ्या गल्लीने ऐकलं. सगळ्या गल्लीची दारं लावलेली होती. माझंही.

मी तिला दवाखान्यात नेलं. दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये आहेत, बोटांचं काही सांगता येत नाही म्हणतात. मी तिला भरवते. ती म्हणते, 'तुझ्या दादाचा दोष नाही गं, त्याला वाटलं सगळे त्याच्यासारखेच आहेत.'

घरी सगळे बरे आहेत. ह्यांच्या हाताला काम करताना चटका बसला आहे, पट्टी बांधली आहे.

चिमी

---

१४ मार्च

चिमे,

मला लिहायला उशीर झाला, कारण गालाला टाके पडले आहेत आणि ताप होता. सांगतो.

नदीपलीकडची सुनावणी बाजाराच्या सभागृहात होती. तिथल्याही सगळ्यांच्या गोट्या टाकून झाल्या तेव्हा भिंतीची बरणी तुमच्याकडच्या गोट्यांनी गळ्यापर्यंत भरलेली, पुलाची अर्धी. ते पाहताच एक जण ओरडला, 'हे काय, बहिणीला माहेरचा आहेर?' आणि खुर्ची आली. मग खुर्च्याच खुर्च्या. बरणी फुटली. गोट्या फरशीवर पसरल्या, त्यांवरून माणसं घसरायला लागली, आणि पडलेल्यांना उभे असलेले लाथा घालायला लागले. एका म्हाताऱ्याच्या तोंडावर कोणी तरी बूट दाबून धरला होता. मी ओढायला गेलो तर फुटक्या काचेचा तुकडा हातात धरून एका पोरसवद्या माणसाने माझ्या तोंडावर फिरवला. त्याच्या स्वतःच्या तळव्यातूनही रक्त वाहत होतं, पण तो हातातली काच सोडत नव्हता. त्याची बहीण त्या नळावरून पडून गेली, असं नंतर कळलं.

शिवणवालीच्या हातांबद्दल वाचलं तेव्हा मी जप करायला बसलो. ओठ हलत राहिले, पण नाम आलं नाही. हातोड्याचाच आवाज येत राहिला.

आता खरी गोष्ट. सुदैवाने बरणी फुटण्याआधी गोट्या मोजलेल्या होत्या. भिंत पुढे आहे, बरीच. मोठ्या साहेबांनी माझ्यापुढे कागद ठेवला आहे. त्यात एक वाक्य आहे, की नागरिकांनी कोणत्याही दडपणाशिवाय मत दिलं. माझी सही झाली की पावसाळ्यापूर्वी भिंतीचा पाया पडेल. सही नाही केली तर सगळं पहिल्यापासून, आणि तोवर आभाळ येईल. साहेब म्हणाले, 'तुमच्या भाचीच्या डोक्यावर कडा आहे ना हो? मग देवाचं नाव घ्या आणि करा.'

मी करणार आहे, चिमे. खोटं आहे हे मला कळतं. पण पोर त्या कड्याखाली झोपते.

एक काम कर. जावईबुवांना सांग, त्या बाईच्या दाराशी काही दिवस बसत जा म्हणावं. मजबूत माणूस आहे, त्यांना पाहून कोणी यायचं धाडस करणार नाही. त्यांच्या चटक्यासाठी मलम पाठवतो आहे, दिवसातून दोनदा लावायचं.

दादा

---

१९ मार्च

दादा,

सही करू नकोस.

मलम मिळालं. ते मी शिवणवालीच्या टाचेला लावलं, ओढताना सोलली होती. ज्याच्यासाठी पाठवलंस त्याला चटका बसलेला नाही. त्याच्या हातावर चाव्याचे वण आहेत. पालथं पाडताना ती चावली होती. पट्टी मीच बांधली. कसली जखम ते विचारलं नाही, कारण दात मोजता येत होते.

हातोडाही आमच्याच घरातला होता. तो धुऊन परत खिळ्याला टांगलाय. त्याच्यासमोर मी रोज कणीक मळते.

मी आता त्याला 'हे' म्हणत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आणि शाळेचं तू अर्धंच सांगितलंस. हात वर करायचे, बरोबर. पण त्याआधी गुरुजी काय म्हणायचे? 'डोळे मिटा.' सगळ्यांनी बाकावर डोकं टेकवून डोळे मिटायचे आणि मग हात वर. कोणी फटीतून बघितलं तर पाठीत धपाटा. तू नायक होतास, पुढे उभा राहून मोजायचास. सगळ्या वर्गात एकट्या तुझेच डोळे उघडे असायचे. म्हणून तुला वाटतं, तो उघड्यावरचा कारभार होता. आम्ही बाकावर होतो, दादा. मला त्या लाकडाचा वास अजून आठवतो. त्या अंधारात मी एकदा माझ्या जिवलग मैत्रिणीच्या विरुद्ध हात वर केला होता, आणि डबा खाताना आम्ही शेजारीच बसलो.

तुझ्या भाचीची काळजी करून सही करणार म्हणतोस. भाचीची आई सांगते आहे, नको. हातोड्याने मिळालेल्या भिंतीच्या सावलीत पोरगी वाढली तर ती काय शिकेल? कोणाची बोटं मोडली की घर टिकतं, हेच ना? भिंत मला हवी आहे. पण लोकांनी डोळे मिटून दिली तर.

पोलिसांना नावं द्यायची तर साक्षीला माझं नाव घाल. मी बोलेन.

चिमी

---

२३ मार्च

चिमे,

थोडक्यात लिहितो.

सही केली नाही. साहेबांच्या टेबलावर कागद परत ठेवला आणि खाली लिहिलं की सुनावणी भीतीखाली झाली, ती भीती मी आणलेल्या पद्धतीमुळे आली, सुनावणी रद्द करावी. साहेब म्हणाले, 'भलतंच खरं बोलायची हौस आली का?' मी म्हटलं, हौस नाही, गुरुजींची आठवण आली.

तू लिहिलंस ते खरं आहे. बाकावरची डोकी मला दिसायची, नुसते काळे केस. त्याखाली काय चाललं असेल हा विचार मी कधी केला नाही.

ही बातमी आज ना उद्या तुमच्या गल्लीत पोचेल. त्याआधी पोरीला घेऊन नीघ. कपडेलत्ते राहू देत. माझा नियम मोडला, मी रविवारी सकाळी येतो आहे, पोलीस घेऊन.

दादा

---

१८ एप्रिल

दादा,

आज निवांत लिहिते. रविवारी तू आलास तेव्हा मी शुद्धीवर नव्हते, आणि पुढे दवाखान्यात आलास तेव्हा जबडा तारांनी बांधलेला. तू नुसता पलंगाशी बसून राहायचास. म्हणून त्या शनिवारी काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलेलं नाही.

तुझं पत्र वाचण्याआधीच बातमी पोचली. पत्र माझ्या पर्समध्ये न उघडलेलं होतं. तो वर्कशॉपमधून भर दुपारी आला. शांत होता. म्हणाला, 'माझी आई मातीत होती तेव्हा तुझा दादा कुठे होता?' मी म्हटलं, 'तुझ्याबरोबर माती उपसत होता.' हे खरं होतं, आणि तेच त्याला सोसलं नाही. लोखंडी पाइपाचा तुकडा होता. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. तोंडात दात सुटलेले जाणवले, खडीसारखे. पोर कपाटामागे होती. तिसरा मारायला त्याने हात उचलला तेव्हा मागून शिवणवाली आली.

दादा, तिने आपले प्लॅस्टरचे दोन्ही हात एकत्र धरून त्याच्या डोक्यात घातले. परत घातले. प्लॅस्टर फुटलं, आतून जुनं रक्त आणि नवं रक्त एकदम बाहेर आलं, ती किंचाळत होती आणि तरी मारत होती. तो गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. मला वाटलं मेला. मला बरं वाटलं, हे देवाला सांगून झालंय, आता तुला सांगते. तो मेला नाही. कोठडीत आहे. गल्लीतली दारं त्या दिवशी पहिल्यांदा उघडली, आणि बाकीच्या तिघांची नावं त्याच दारांतून बाहेर आली.

तुझ्याकडे राहायला ये म्हणालास. आले असते. वहिनीच्या हातचं खाऊन जबडा लवकर जुळला असता. पण तुझ्या घरी राहायला आले तर माझी गोटी तुझ्या भागात जाते. म्हणून पोरीला घेऊन शिवणवालीच्या खोलीत राहते. तिच्या हातात अजून सुई धरायचं बळ नाही, माझ्या तोंडात बोलायचं. गिऱ्हाईक आलं की ती बोलते आणि मी शिवते. ती म्हणते, 'दोघींचं मिळून एक माणूस झालं, आता ह्या माणसाला जेवायला एकदाच लागेल.' फार हसवते. हसलं की तारा दुखतात.

तू पाठवलेले पत्र्याचे डबे बंब घेऊन आला. मानेवरचा वण सगळ्यांना दाखवत होता. एक गोटी टाकून पाहिली तर दोन्ही डब्यांचा आवाज वेगळा. एक टणटणतो, एक बदबदतो. बाहेर कान देऊन उभ्या असलेल्याला लगेच कळलं असतं. मग आम्ही जुन्या गोधडीचे तुकडे दोन्ही डब्यांच्या तळाला बसवले, आणि उरलेल्या कापडाचा पडदा शिवला. ती सांगत होती, मी टाके घालत होते. पोरीने कात्री धरली.

काल दोन्ही काठांची मिळून एकच सुनावणी झाली. तू हॉलच्या बाहेर पायरीवर बसला होतास, दाराकडे पाठ करून. ते मला फार आवडलं. लोक एकेक करून पडद्यामागे जात होते आणि कोरडे चेहरे घेऊन बाहेर येत होते. पलीकडचा तो तळवा कापलेला पोरगाही होता. त्याच्या हातावर अजून फडकं होतं. आमच्याकडच्या गवंड्याने त्याला रांगेत पुढे जाऊ दिलं.

मी आत गेले. गोटी बराच वेळ मुठीत धरली, गरम होईपर्यंत. वर कडा आहे, सासूबाईंचं तोंड आहे. तिकडे नळावरून चालणारी शिवणवालीची लेक आहे. मग मी डोळे मिटले, बाकावर मिटायचे तसे, आणि हात पुढे केला. आवाज झाला नाही.

मोजणी सोमवारी आहे म्हणतोस. पूल निघाला तर पावसाळ्यात आम्ही पाळणाघराच्या व्हरांड्यात झोपू, बोलणं झालंय. भिंत निघाली तर तिची लेक दवाखान्याशेजारी खोली बघेल. दोन्हीला आम्ही तयार आहोत.

बाहेर आले तेव्हा शिवणवालीने काही विचारलं नाही. मीही तिला विचारलं नाही. तूही विचारू नकोस, दादा.

तुझी चिमी